वामीच्या दारातले मासे

आमच्या भद्रावतीच्या घरात समुद्र आला तो माझ्या नवऱ्याच्या हट्टापायी. हेमराज माजरीकडे कोळसा खाणीत सर्व्हेअर. सारी उमर जमिनीखालची मापं घेण्यात गेली आणि पन्नाशी उलटल्यावर गड्याला पाण्याखालचं वेड लागलं. कोकणात सहलीला गेलो होतो, तिथे काचेमागचे मासे बघून हा जो खुळावला तो परत माणसात आलाच नाही. इथून कुठल्याही दिशेनं निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. तरी आमच्या हॉलमध्ये पाच फुटी टाकी आली, पाकिटातलं खास मीठ मोजूनमापून पाण्यात कालवलं गेलं, पाणी थंड ठेवायला मशीन आलं. एप्रिलमध्ये आम्ही नवरा-बायको चव्वेचाळीस अंशांत कूलरसमोर शिजायचो आणि मासे सव्वीस अंशांत ऐटीत फिरायचे.

मी नीलिमा. एकोणतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे जिवंत गोष्टींतलं मला कळतं असा माझा समज होता. तो मोडला आमच्या झाडांना पाणी घालायला येणाऱ्या माणसानं. त्याचीच ही गोष्ट आहे.

मुखरू मडावी त्याचं नाव. साठी उलटलेली, अंग काटक, चालताना पावलाचा आवाज म्हणून नाही. आयुष्यभर जंगलात वनमजुरी केली आणि वर्षभरापूर्वी गाव सोडून लेकीकडे, दीपालीकडे, राहायला आला. दीपाली आमच्याच गल्लीत शिलाई करते. ‘बाबा घरी बसून बसून भिंतीकडे पाह्यत राह्यते, काही काम द्या नं बाई,’ म्हणाली, म्हणून मी त्याला बाग दिली. जंगलाचं काही विचारलं की तो नळ बंद करायला निघून जायचा. एकच खोड होती त्याला. फाटकातून आत येताना आधी जमिनीकडे बघायचा, मग माणसाकडे. ‘बाई, सकाळी कोनी लंगडं मानूस आलं होतं काय?’ असं विचारायचा, आणि खरंच गुडघा दुखणारा पोस्टमन येऊन गेलेला असायचा. मला तो भोचकपणा वाटे.

जानेवारीत हेमराजनं नागपूरच्या एका हौशी माणसाकडून खडक आणले. त्यानं आपली टाकी मोडली होती, त्याच्याकडचे जुने, भोकाभोकांचे, शेवाळ धरलेले खडक. ते आमच्या टाकीत डाव्या बाजूला रचले. मार्चपासून मासे मरायला लागले. निळे डॅमसेल पाच होते, त्यातले चार गेले. दोन तर सापडलेच नाहीत, दोन मेलेले मिळाले. पट्ट्यांच्या नारंगी जोडीतली मादी एका दुपारनंतर एका अंगावर कलंडून पोहायला लागली आणि संध्याकाळी गेली. वाळूतले शंखही फुटलेले दिसायचे, पण शंखांकडे कोण लक्ष देतो? ते हेमराजच्या हातून खडक सुटून फुटले असतील असं म्हणून मी त्यालाच चार शब्द ऐकवले.

मेलेला प्रत्येक मासा सापडला तो उजव्या कोपऱ्यात, वामीच्या नळीच्या तोंडाशी. ही वाम म्हणजे हातभर लांब, पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, दिवसभर नळीतून फक्त तोंड बाहेर काढून श्वास घेत बसणारी. आपल्या तलावात सापडते ती वेगळी, ही समुद्रातली, पण दिसायला तशीच, म्हणून आम्ही तिला वामच म्हणायचो. हेमराजनं पाच रात्री लाल टॉर्च घेऊन पहारा दिला. पाचही रात्री काय दिसलं, तर वाम बाहेर निघून वाळूवरून फिरते आहे.

“हेच आहे,” तो म्हणाला. “रात्री फिरते, मासे तिच्या दारात मरते. अजून काय पाह्यजे तुले? येत्या रविवारी काढतो मी हिले.”

“काढून ठेवशील कुठी?”

देणारा दुकानदार परत घेत नव्हता. इराई नदीच्या गोड्या पाण्यात सोडली तर ती तासाभरात मरणार. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात त्या जिवाला जगवेल असं तेवढंच पाणी होतं, हॉलमधलं. म्हणजे काढणं म्हणजे मारणं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी जीवशास्त्राच्या बाईच्या थाटात मान डोलावली. पुरावा मलाही पटला होता.

हे बोलणं झालं तेव्हा मुखरू खिडकीबाहेर मोगऱ्याला पाणी घालत होता. नळ तसाच वाहता ठेवून तो आत आला. वर्षभरात पहिल्यांदा हॉलमध्ये आला आणि पहिल्यांदाच जमिनीकडे न बघता थेट हेमराजकडे बघून बोलला.

“साहेब, नाव नका घेऊ तिचं. अजून नका घेऊ.”

हेमराज जरा हसला. “काऊन गा? तुले काय माहीत समुद्रातलं?”

“समुद्र मी पाह्यलो नाई जी. मेलेलं पाह्यलो आहे.”

मग तो दाराशी उकिडवा बसला आणि त्यानं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत त्याच्या गावाजवळ दोन माणसं वाघानं मारली. माग काढण्यात मुखरूचा हात पंचक्रोशीत कोणी धरत नव्हतं. त्याच्या बापानं त्याला एकच शिकवलं होतं: मेल्याजवळ बसू नको, मेलं तिथी जा. प्रेत जिथे सापडतं तिथे मागून कोणीही येऊन जातं, फरफटत आणल्याची रेघ धरून उलटं चालत जायचं आणि झेप जिथे पडली तिथली माती बघायची. तोवर कोणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. दुसऱ्या माणसाच्या वेळी मात्र गावाचे दोनशे लोक संतापानं उभे होते, आभाळ भरून आलं होतं, जो तो विचारत होता की कोण, कोण. मुखरू प्रेताजवळच बसला. तिथे मंगलीचा पंजा होता, स्पष्ट. मंगली म्हणजे गावाच्या शिवारातून कधीपासून जाणारी-येणारी वाघीण, मंगळवारी पहिल्यांदा दिसली म्हणून मंगली. त्यानं बांबूच्या कमचीवर पंजाचं माप खूण करून घेतलं आणि नाव घेतलं. मग पाऊस आला आणि बाकी माती वाहून गेली.

“ते मागून आली होती, बाई. वास घेऊन गेली होती फकस्त. तिले पकडून नेलं. मी गावाले सांगलो, आता जा बिनधास्त मोह वेचाले. चाळीस दिवसांनी बिरजू गेला. माह्या संगं लहानाचा मोठा झाला होता तो. मारनारा दुसराच होता. मोठा नर.”

“मग मंगलीला सोडलं नाही?” मी विचारलं.

“पिंजऱ्याच्या सळया चावून सुळे तुटले होते तिचे. सुळ्याबिगर जंगलात काय खाईन ते? अजून आहे, नागपूरच्या बाजूले. मी मंग माग काढनं सोडलो.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आपण किती सहज म्हणतो. माझ्यासमोर बसलेला माणूस त्या म्हणीतला फाशी देणारा होता, आणि नऊ वर्षं तो तिच्याखाली दबून जगत होता. हेमराज खाली बघत होता. शेवटी म्हणाला, “बरं. रविवारपर्यंत पाहा तुम्ही, मुखरूभाऊ. पन मासा एक जरी अजून मेला तं मी थांबनार नाई.”

तो गुरुवार होता.

मुखरूनं आधी मेलेली मादी मागितली. मी ती फ्रीजरमध्ये डब्यात ठेवली होती, का ते मलाही माहीत नाही. त्यानं ती तळहातावर घेतली, उलटीपालटी केली, नखानं अंग चाचपलं. एका बाजूच्या बरगड्या आत गेलेल्या होत्या.

“दात कुठी आहे?” तो म्हणाला. “बाई, तुम्ही पाहा. दात नाई, ओरखडा नाई. वाम तं धरन आनि गिळन. हे कोनीतरी हानली आहे. सोट्यानं हानावं तशी.”

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच दात नव्हता. एकोणतीस वर्षं मी पोरांना ‘निरीक्षण करा’ म्हणून छडी आपटत आले होते.

“आनि बाई, मेलेल्या मासोळ्या तुम्हाले कधी सापडत होत्या?”

“संध्याकाळी. चारनंतर.”

“डोळे कसे होते? कल्ले?”

बाजारात मासोळी घेताना आपण बघतो तेच तो विचारत होता. डोळे स्वच्छ होते, कल्ले लाल होते. मी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. रात्री मेलेला मासा संध्याकाळी चारला लाल कल्ल्यांचा कसा असेल? खून दुपारी होत होता, आणि दुपारभर वाम नळीत झोपलेली असे. आम्ही मात्र पहारा देत होतो रात्री.

शुक्रवारी सकाळी त्यानं माशांच्या खाद्याचे दाणे मागितले. एक दाणा टाकीत डावीकडे टाकला, एक मध्ये, एक मागच्या बाजूला. डावीकडे पाणी ढकलणारा पंप होता, समुद्राच्या लाटेसारखं पाणी फिरावं म्हणून लावलेला. तिन्ही दाणे हळूहळू तरंगत, वळसे घेत उजव्या कोपऱ्यात गेले आणि एकामागून एक वामीच्या दारात जाऊन पडले.

“ह्या नाल्याले उतार आहे,” मुखरू म्हणाला. “इथी कोनीही मेलं तरी हिच्याच दारात येईन.”

त्यानंतर त्यानं माझं डोशाचं उलथणं घेतलं, आणि हात कोपरापर्यंत धुऊन टाकीतली वाळू सपाट केली. जंगलात वाघाच्या वाटेवर बारीक माती चाळून पसरतात, सकाळी त्यावर कोण चाललं ते बघतात, तसंच. माझं उलथणं त्या दिवसापासून समुद्राचंच झालं. शनिवारी सकाळी वाळूवर वामीची वाट दिसली, दोरी ओढत नेल्यासारखी, साऱ्या टाकीभर. डाव्या बाजूला नागपूरच्या खडकाजवळ मात्र ती वीतभर अंतर ठेवून वळली होती. त्या बाजूला ती गेलीच नव्हती.

“हे त्याले भेते,” मुखरू म्हणाला.

त्या खडकाच्या बुडाशी, मागच्या अंगाला, बोट जाईल एवढं भोक होतं. त्याच्या तोंडासमोर शंखांचे बारीक तुकडे पडलेले. मी रोज ती काच पुसत होते. मुखरूनं तिकडे बोट केलं नाही. त्याच्या गावात वाघाकडे बोट दाखवत नाहीत, मूठ दाखवतात. त्यानं मिटलेली मूठ काचेजवळ नेली आणि खाली घेतली. “घर इथी आहे. घरवाला पाह्यल्याशिवाय बोलनार नाई.”

शनिवारी दुपारी हेमराजही सुट्टी टाकून थांबला. पडदे ओढले. काचेला तोंड न करता जरा तिरकं, जमिनीवर बसलो तिघं. मुखरूनं सांगितलं होतं, थेट बघायचं नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं, आणि श्वास पोटातून घ्यायचा. दोन वाजता नेहमीप्रमाणे लाइट गेली. कूलर थांबला. टाकी तेवढी इन्व्हर्टरवर चालू राहिली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि घरात, कधी नव्हे ती, पूर्ण शांतता झाली.

टक.

बारीक, कोरडा, काचेवर खडा मारल्यासारखा आवाज. मला तो ओळखीचा वाटला आणि मग आठवलं, हा मी ऐकला आहे, कूलरच्या आवाजाखाली, कितीदा तरी. मी त्याला मशीनचं बटण समजत होते.

टक.

भोकातून आधी डोळे आले. देठांवर बसवलेले दोन डोळे, आणि ते दोन्ही वेगवेगळे फिरत होते. एक वामीकडे बघत होता, एक आमच्याकडे. मग बाकीचा जीव आला, बोटाएवढा. हिरवा म्हणावा तर कडेनं शेंदरी, पायांवर निळी झाक, हलला की रंग बदलणारा. पुढचे दोन पाय त्यानं छातीशी घडी घालून धरले होते, टोकाला फुगलेले, सोट्यासारखे. समोर एक शंख सरकत होता. त्या जिवानं तो जरा चाचपला, हवा तसा वळवून घेतला, मागे सरला. पाय हललेला मला दिसलाच नाही. टक झालं आणि शंख फुटला होता. मधली गोष्ट माझ्या डोळ्यांत मावली नाही.

मला भीती वाटली नाही, राग आला नाही. मी नुसती बसले. कोळंबीच्या नात्यातला हा प्राणी, त्याला मँटिस श्रिम्प म्हणतात, इतकं मला येत होतं. पुस्तकात त्याच्या वाट्याला दीड ओळ होती. ती दीड ओळ मी किती पोरांकडून पाठ करून घेतली, आणि चार महिने तो माझ्याच घरात, माझ्या हातभर अंतरावर, शेजाऱ्यांची शिकार करत राजासारखा राहत होता. केवढा समुद्र असेल तो, ज्याच्या एका दगडाच्या एका भोकात हे मावतं.

मुखरूनं डोक्याचं फडकं काढलं. दोन्ही हात जोडून, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “जोहार.”

ते डोळे त्याच्याकडे वळले, दोन्ही, आधी एक आणि मग दुसरा. मग तो जीव उलटा सरकत भोकात गेला.

“आता घेतो नाव,” मुखरू म्हणाला. “हा आहे, साहेब. वाम नाई.”

हेमराज, शेवटी नवराच तो, म्हणाला, “उकळतं पानी टाकतो भोकात.”

“काऊन?” मुखरूनं विचारलं. “त्याचं पोट आहे त्याले. तुम्हीच आनलं त्याले दगडासंगं. इथून तो जाईन कुठी?”

रविवारी तो खडक उचलून बादलीत घेतला, आणि पानठेल्यावरून आणलेला सोडा भोकात ओतला. सोड्यानं गुदमरून ते भोकातले साहेब फणफणत बाहेर आले. हेमराजनं जुन्या दोन फुटी टाकीत त्याला वेगळा समुद्र करून दिला. ठेल्यावाला अजून विचारतो, त्या दिवशी कोण पाहुणे आले होते, चार बाटल्या सोडा लागला. मोठ्या टाकीत त्यानंतर एकही मासा मेला नाही. वाम आता अख्ख्या टाकीत फिरते, डाव्या बाजूलाही.

आठवड्यानं मुखरू पाणी घालून झाल्यावर पायरीशी उभा राहिला. म्हणाला, “बाई, नागपूरले कधी जानार असान, तं मले तिच्याकडे नेजा एक दिवस.”

मी हेमराजला गाडी काढायला सांगितली.

आम्ही तिघं गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन तो गाडीत मागे बसला होता. ज्या मोठ्या जाळीच्या आवारात मंगलीला ठेवलं होतं तिथे कडेकडेनं तिची वाट पडली होती, आणि पाणी शिंपडल्यानं माती ओली होती. मुखरूनं सवयीप्रमाणे आधी खाली पाहिलं. मग फडकं सोडलं. आत बांबूची कमची होती, नऊ वर्षांनी काळी पडलेली, तिच्यावर दोन खुणा. तो खाली बसला आणि ती कमची जाळीला टेकवून आतल्या पंजाच्या ठशावर धरली. खुणेला खूण आली.

“माप बराबर होतं, बाई,” तो म्हणाला. “नावच चुकलं माह्याकडून.”

मंगली झाडाखालून उठून आली. म्हातारी झाली होती, पोट लोंबत होतं, तरी ती चालत आली तेव्हा हेमराज आणि मी दोघंही एक पाऊल मागे सरलो. ती जाळीपाशी थांबली, मुखरूकडे बघितलं, जसं कुणाकडेही बघावं तसं, आणि पाण्याकडे निघून गेली. त्यानं हात जोडलेलेच होते. “जोहार” म्हणायला त्याला खूप वेळ लागला. कमची त्यानं परत फडक्यात गुंडाळून घेतली.

घरी पोचल्यावर तो लेकीकडे गेला नाही, चपला काढून सरळ हॉलमध्ये आला. वाम नळीतून तोंड काढून बसली होती. मुखरू तिच्यासमोर मांडी घालून बसला. मी पाण्याचा पेला घेऊन मागे उभी होते, ते त्याला ठाऊक नव्हतं.

“तुह्या वेळी,” तो तिला म्हणाला, “मी आधी जाऊन पाह्यलो.”